अण्णांचा फोन लागला नाही

"ह्याचं नाव काय म्हणालीस?" अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं.

"जँगो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या कागदावरच्या इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "इथं तर पुढं डी आहे."

"तो बोलायचा नसतो, अण्णा."

"बोलायचा नाही, तर ठेवलाय कशाला? नुसतं बसून पगार खाणारे आपल्याकडं काय कमी आहेत?" असं म्हणून त्यांनी काचेपलीकडं पाहिलं. पलीकडं रियाज मुजावर शेंगदाणे सोलत बसला होता. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे ओळखून त्यानं आम्हा दोघांना लांबूनच सलाम केला.

माझी पहिली फेरी अशी वाया गेली.

भूपालअण्णा मगदूम हे आमचे मालक. सांगलीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस. त्या जागेत आधी अण्णांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले तेव्हा गावातल्या बाकीच्या टायपिंगवाल्यांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी मशिनं विकली, जाडजूड इंग्रजी पुस्तकं आणली आणि शब्दकोश मांडीवर घेऊन प्रोग्रॅम लिहायला शिकले. पुढं वेबसाइटचा जमाना आला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं एक अख्खी यंत्रणाच लिहून काढली आणि तिचं नाव ठेवलं 'सुलभ'. जिल्ह्यातले हळदवाले, गूळवाले, बेदाणेवाले, दोन-तीन पतसंस्था, सगळ्यांच्या वेबसाइट 'सुलभ'वर चालायच्या. आणि चालायच्या हे खरं.

फक्त ती कुणाच्या दृष्टीनं सुलभ, हे अण्णांनी कधी सांगितलं नव्हतं. आत शिरलं की एका फाइलचं नाव 'नवीन', दुसरीचं 'नवीन खरं' आणि तिसरीचं 'हेच वापरा'. तिन्ही एकमेकींवर अवलंबून. एकीला हात लावला की दुसरी रुसायची, आणि का रुसली ते काही सांगायची नाही. पडदा पांढराफटक पडायचा, बस.

मग उपाय एकच. अण्णांना फोन.

रियाज माझ्या आधीपासून तिथं होता आणि हा फोन करणं हेच त्याचं मुख्य काम होतं. मी काहीही विचारलं की तो म्हणायचा, "अण्णांना विचार." अण्णा कटिंगच्या खुर्चीत असोत, जैन बस्तीत दर्शनाला गेलेले असोत, पुतण्याच्या लग्नात अक्षता हातात घेऊन उभे असोत, ते फोन घ्यायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "हेच वापरा उघड. खाली ये. अजून खाली. तिथं एक शून्य दिसतंय? त्याचा एक कर." रियाज एक करायचा आणि पतसंस्था पुन्हा सुरू व्हायची. हे सगळं मला एकाच वेळी थोर आणि भयंकर वाटायचं.

मी पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आले होते. पुण्याहून सांगलीला परतलेल्या माणसाला सगळं गाव सुधारायची घाई असते, तशी मलाही होती. जँगो म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा, आमच्या भाषेत फ्रेमवर्क. जगभरातल्या लोकांनी मिळून घडवलेला, फुकट मिळणारा, जो शिकला त्याला दुसऱ्यानं लिहिलेलंही वाचता येतं असा. माझं त्याच्यावर प्रेम होतं म्हटलं तरी चालेल. आई त्या दिवसांत माझ्यासाठी स्थळं बघत होती आणि मी जेवताना तिला जँगोचे गुण सांगत होते. शेवटी तिनं विचारलं की मुलगा कुठला आहे.

तर मी अण्णांच्या मागं लागले. स्लाइड्स करून दाखवल्या. अण्णांनी त्या शेवटपर्यंत पाहिल्या आणि एका ठिकाणी वेलांटी चुकलीय एवढंच सांगितलं. सुरक्षिततेबद्दल सांगितलं, तर म्हणाले, 'सुलभ'मध्ये चोर शिरला तर त्यालाच बाहेरची वाट सापडायची नाही. हे खोडून काढणं अवघड होतं. वेगाबद्दल बोलले, तर म्हणाले की बेदाणा वाळायला लागायचे तितके दिवस लागतातच, वेबसाइट घाई करून काय करणार. दर खेपेला इतकं मायेनं नाही म्हणायचे की मी केबिनमधून बाहेर पडून खुर्चीत बसेपर्यंत मला आपण हरलो हे कळायचंच नाही.

माझी एक पक्की समजूत झाली होती. अण्णांना जँगो नको होतं, कारण मग त्यांना कुणी फोन करणार नाही. फोन आला की त्यांचा चेहरा कसा उजळतो ते मी पाहिलं होतं.

रियाज म्हणाला, काकूंना गाठ. त्यांचं अण्णांपुढं चालतं.

म्हणून एका दुपारी मी अण्णांच्या घरी गेले. त्रिशलाकाकू म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांनी मला खपली गव्हाची खीर दिली आणि समोर मूग निवडत बसल्या. मी माझं सगळं पुराण लावलं. त्या ऐकत होत्या. मधेच त्यांनी हात थांबवला.

"ते तुझं नवं काय ते आलं, आणि काही बिघडलं," त्या म्हणाल्या, "तर फोन कुणाला करणार?"

मला वाटलं, हीच ती दुखरी जागा. नवऱ्याचा मान जाईल ही भीती. मी लगेच धीर दिला, "अण्णांनाच, काकू. अण्णांशिवाय आमचं पान हलत नाही. उद्या काहीही येऊ दे, फोन अण्णांनाच जाणार. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "असं होय," म्हणाल्या आणि माझ्यापुढची वाटी उचलून आत गेल्या. मला अजून एक वाटी हवी होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बोलावलं. "घरापर्यंत पोचलीस?"

"खीर खायला गेले होते."

"कळलं." ते थोडा वेळ पेनचं टोपण काढघाल करत राहिले. मग म्हणाले की तासगावच्या विलासरावांच्या शीतगृहात हंगामाचा पहिला मोठा सौदा आहे. तिथं मोठ्या पडद्यावर भाव दाखवायचे आहेत. ते काम मी माझ्या पद्धतीनं करावं. 'सुलभ' शेजारी चालू ठेवायचं, बोली दोन्हीकडं नोंदायच्या. सौदा बिनचूक पार पडला तर पुढचं बोलू. नाही पडला, तर ते नाव पुन्हा ह्या ऑफिसात काढायचं नाही, डीसकट नाही आणि डीवाचूनही नाही.

मी त्या कामात स्वतःला झोकून दिलं. रियाजलाही थोडं शिकवलं, म्हणजे तो शेंगदाणे खात असताना त्याच्या शेजारी बसून बोलत राहिले. सौद्याच्या दिवशी त्यानं सांगलीत ऑफिसला बसायचं आणि मी अण्णांबरोबर तासगावला जायचं असं ठरलं.

बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं, आणि शीतगृहात शिरल्यावर अंगावर काटा आला. जाडजूड भिंतींच्या त्या इमारतीत मोबाइलला रेंजचा एक दांडाही नव्हता. इंटरनेट होतं ते विलासरावांच्या टेबलावरच्या एका कॉम्प्युटरला, तारेनं जोडलेलं. सौद्याच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलांवर ताटांत बेदाण्यांचे नमुने मांडले होते, हिरवे, पिवळे, काळे. व्यापारी दोन मणी उचलायचे, एक चावायचे, दुसरा उजेडात धरायचे आणि भाव बोलायचे. बोलीमागून बोली माझ्या पडद्यावर उमटत होती. कोपऱ्यात उभे असलेले शेतकरी ताटांकडं न बघता पडद्याकडं बघत होते. विलासराव खूश. अण्णांनी मागं हात बांधले होते आणि त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

हिरवा झाला, पिवळा झाला. काळ्याची वेळ आली. त्या दिवशी काळ्या मालाला गिऱ्हाईकच नव्हतं. एकानंही बोली लावली नाही. विलासरावांनी हातानंच खूण केली की पुढं चला, आणि आजचे सरासरी भाव दाखवा.

मी बटण दाबलं आणि अख्खा पडदा पिवळा झाला. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत चूक, खाली इंग्रजीत बारीक बारीक ओळी, अगदी हॉलच्या टोकापर्यंत दिसतील अशा. सगळे व्यापारी मान वर करून ते वाचायला लागले. एकानं विचारलं, आज पिवळ्याला एवढा भाव आलाय का.

मला घाम फुटला, त्या थंडीत. कॉम्प्युटर विलासरावांचा, माझा कोड सांगलीच्या सर्व्हरवर, आणि ही यंत्रणा दुरुस्त करायला लागणारी कुठलीच वस्तू तिथं नव्हती. अण्णा शांतपणे पुढं आले. खुर्चीवर बसले, पिवळं पान बाजूला सारलं आणि 'सुलभ' उघडलं. हिरव्याची सरासरी आली, पिवळ्याची आली, काळ्यापुढं एक आडवी रेघ आली. विकलं नाही, म्हणून रेघ. हे दुखणं अण्णांनी केव्हाच पाहून ठेवलं होतं. सौदा पुढं सरकला. विलासरावांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की जुनं ते शेवटी जुनंच. त्यांच्या कारकुनानं तेवढ्यात टेबलावरच्या साध्या फोनवरून आमच्या ऑफिसला कळवलंसुद्धा होतं, तुमचा पडदा पिवळा पडला म्हणून.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. मनातल्या मनात पुण्याच्या गाडीची तिकिटं काढून झाली. आणि थोड्या वेळानं, सवयीनं, कॉम्प्युटरशी जाऊन माझं पान पुन्हा एकदा उघडलं तर पिवळा मजकूर नव्हताच. माझी यंत्रणा चालू होती. हिरव्या-पिवळ्याच्या सरासऱ्या नीट दिसत होत्या, आणि काळ्यापुढं लिहिलं होतं, 'आज विक्री नाही'.

मी काहीच केलं नव्हतं. धावत बाहेर उन्हात गेले आणि रियाजला फोन लावला.

"अगं, कारकुनाचा फोन आला," तो म्हणाला. "मी इथं उघडलं तर तेच पान. त्याच्यावर लिहिलंच होतं की कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत. गेलो तिथं. तू शून्यानं भागत होतीस. काळा एकपण विकला नाही ना, म्हणून. मग मी म्हटलं, शून्य असेल तर भागूच नको. का? करायचं नव्हतं का?"

"तू अण्णांना नाही विचारलंस?"

"विचारणार होतो की," रियाज जरा दुखावून म्हणाला. "सारखा लावत होतो. अण्णांचा फोन लागला नाही."

परतीच्या वाटेवर अण्णा गाडी चालवत होते. मी मनाशी वाक्यं जुळवत होते. शेवटी मीच म्हणाले की चूक माझीच होती, आणि तो पिवळा मजकूर लोकांना दिसेल असा ठेवणं तर त्याहून मोठी चूक होती. पुन्हा मी ते नाव काढणार नाही.

त्यांनी ते ऐकलंच नसावं. "रियाजनं केलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आपला रियाज?"

"हो, अण्णा."

"मला न विचारता."

"तुमचा फोन लागला नाही म्हणाला."

सांगलीत ऑफिसचं वळण आलं ते त्यांनी सोडलं आणि गाडी सरळ घरापुढं आणली. ऊन अजून छपरांवर होतं. मला म्हणाले, चल, जेवून जा.

काकू दारात आल्या आणि आधी आभाळाकडं आणि मग नवऱ्याकडं बघायला लागल्या. अण्णा जैनांच्या रिवाजाप्रमाणं सूर्य मावळायच्या आत जेवायचे, त्यानंतर पाण्याचा घोटही नाही, हे मला माहीत होतं. ते वेळेवर घरी येण्यात एवढं आश्चर्य काय, हे माहीत नव्हतं.

पानं वाढली. पहिला घास घेऊन झाल्यावर अण्णा ताटाकडंच बघत म्हणाले, "आज वेबसाइट बंद पडली होती. रियाजनं चालू केली."

काकूंच्या हातातली पळी आमटीतच राहिली. "कुणी?"

"रियाजनं. वाचून."

काकू खाली बसल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण रोख दुसरीकडं होता. "ह्यांना विचार, दिवस असताना पोटभर जेवण कधी झालंय. पान वाढलं की फोन वाजतो. कुणाची तरी पतसंस्था बंद. हे उठतात, त्या कोपऱ्यात उभे राहतात, खाली ये, अजून खाली ये. बोलून होईपर्यंत दिवस बुडतो. मग ताट तसंच झाकून ठेवायचं आणि हे उपाशी झोपणार. शिखरजीच्या यात्रेला जाऊया म्हणून मी किती वर्षं मागं लागलेय. तर म्हणतात, डोंगरावर रेंज नसते." त्यांनी पळी बाहेर काढली. "आणि तू मला येऊन सांगतेस, काहीही येऊ दे, फोन ह्यांनाच करणार. मी म्हटलं, मग काय उपयोग पोरी तुझ्या त्या जंगूचा."

मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिले. ज्या एका मुद्द्यावर मी हे सगळं पहिल्याच दिवशी जिंकले असते, तो मुद्दा मी खीर खाता खाता काकूंच्या पुढ्यात मारून टाकला होता.

अण्णा ताटाच्या कडेला बोट फिरवत म्हणाले, "'सुलभ'मध्येपण करता आलं असतं. कुठल्या फाइलीत चुकलं, कितव्या ओळीत, एवढं तर लिहून दाखवायचं. एका दिवसाचं काम. मी कधी केलं नाही." ते थांबले. "केलं असतं, तर मला कुणी विचारलं असतं?"

काकूंनी त्यांच्या पानात अजून एक भाकरी वाढली, आणि बाहेर दिवस बुडायच्या आत अण्णांनी ती संपवली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रियाजला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि मला म्हणाले की आजपासून ह्याला नीट शिकव, शेंगदाणे बंद करून. एवढंच. जँगो घेतलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

सगळ्या वेबसाइट हलवायला पुढं वर्षाहून जास्त काळ गेला. दर वेळी एखादी पतसंस्था किंवा गूळवाला 'सुलभ'वरून उतरवायचा असला की अण्णा माझ्यामागं खुर्ची ओढून बसायचे. बोलायचे नाहीत. शेवटची फाइल बंद झाली की उठून पाणी प्यायचे आणि कामाला लागायचे. मी एकदा विचारलं की हे जुनं सगळं पुसून टाकू का, तर म्हणाले, नको, असू दे एका कोपऱ्यात, खायला मागत नाही.

आणि मग थंडीच्या दिवसांत ते दोघं शिखरजीला गेले. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ती यात्रा माझ्या चांगली लक्षात आहे, कारण अण्णांचे रोज फोन यायचे.

"काही बंद पडलं?"

"नाही, अण्णा."

"हळदवाल्यांचं?"

"चालू आहे."

"पतसंस्थेची महिनाअखेर होती."

"झाली. रियाजनं केली."

"बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

असे काही दिवस गेल्यावर एका सकाळी त्यांच्याच फोनवरून काकू बोलल्या. आवाज बारीक, म्हणजे अण्णा जवळच कुठंतरी असणार.

"प्रणोती, एक काम कर. आज काहीतरी बंद पाड."

"काकू?"

"मोठं नको. थोडंसंच. इथं पायथ्याच्या मंदिरांचं दर्शन झालं, हवा चांगली आहे, जेवण दिवसाउजेडी होतंय. पण माणूस नुसता बसून असतो गं. काल हे मंदिराच्या ऑफिसात जाऊन त्यांना कॉम्प्युटर बिघडलाय का विचारून आले."

मी रियाजकडं पाहिलं. तो पतसंस्थेच्या फाइलीत डोकं घालून बसला होता. आजकाल त्याला शेंगदाणे सोलायला फुरसत नसायची. खरोखरचं काही बंद पाडणं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी जुनं 'सुलभ' उघडलं, 'हेच वापरा'मध्ये शिरले आणि मग अण्णांना फोन लावला. म्हटलं, गुळाच्या वजनातून रव्याच्या, म्हणजे ढेपेच्या, कापडाचं वजन वजा करायची तुमची जी रीत होती ना, ती मला काही केल्या समजत नाहीये.

ती मला चांगली समजली होती. मीच ती जँगोत उतरवली होती.

पलीकडून खाकरल्याचा आवाज. "खाली ये," अण्णा म्हणाले. "अजून खाली. घाई करू नको, सगळं पहिल्यापासून सांगतो."

ते सांगायला लागले. गूळ संपला, त्यावरून हळद निघाली, हळदीवरून टायपिंगची मशिनं निघाली. मी हूं हूं करत राहिले. मधेच मागून काकूंचा आवाज आला, चांगलाच चढलेला, "अहो, डोलीवाले थांबलेत. डोंगर चढायचाय."

"थांबू देत," अण्णा म्हणाले. "ऑफिसचं काम आहे."